कौटुंबिक इतिहास संशोधनातील ईमेल : जतन आणि संदर्भनोंद

वंशावळ किंवा कुलवृत्तांत तयार करताना नातेवाईक, इतर संशोधक आणि अभिलेखागारे यांच्याशी झालेला ईमेल-व्यवहार मूळ रूपात जपणे आणि त्यातून घेतलेल्या प्रत्येक माहितीचा उगम नोंदवणे, अशी ही दुहेरी पद्धत आहे. ‘ईमेलवरून कळले’ एवढ्याच नोंदीचा उपयोग नसतो. ती माहिती कोणाला आणि कशी ठाऊक होती, हे त्यातून कळत नाही.

संदर्भात प्रेषकाचे पूर्ण नाव, संबंधित पूर्वजाशी त्याचे नाते, प्राप्तकर्ता, जशीच्या तशी विषयओळ, दिनांक आणि प्रत कोठे ठेवली आहे, एवढे हवे. उदाहरणार्थ : प्रेषकाचे नाव (पूर्वजाच्या धाकट्या बहिणीची नात), संशोधकास ईमेल, ‘पणजोबांचा जन्म’, १४ मार्च २०१९, २१:४० (+०५३०), प्रत संशोधकाच्या संग्रहात. प्रकाशित मजकुरात ईमेल-पत्ता छापू नये. तो खाजगी नोंदीत ठेवावा. वेळेपुढचा फरक (+०५३०, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे) टिपण्याचे कारण असे की ईमेल प्रोग्राम वेळ पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो, त्यामुळे दोन देशांत एकाच पत्रावर दोन तारखा दिसू शकतात. एकाच विषयओळीखाली दिवसभरात चार-पाच उत्तरे झाली असतील, तर हेडरमधला, म्हणजे पत्रासोबत येणाऱ्या प्रेषक, वेळ, मार्ग अशा तांत्रिक तपशिलातला, मेसेज-आयडी (त्या पत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक) नोंदवावा. नेमके पत्र त्यावरून सापडते.

जतनासाठी संपूर्ण पत्र ईएमएल फाइल (.eml, एका पत्राची एक फाइल) म्हणून उतरवून घेणे उत्तम; त्यात हेडर आणि जोडलेल्या फाइली दोन्ही राहतात. पूर्ण फोल्डर एमबॉक्स (mbox, अनेक पत्रे एकाच फाइलीत) स्वरूपात काढता येतो. पीडीएफ वाचायला सोयीची असते, पण छापून केलेल्या पीडीएफमध्ये बहुतेक हेडर गळतात आणि जोडलेल्या फाइलींची फक्त नावे उरतात. स्क्रीनशॉटमधला मजकूर सहज शोधताही येत नाही. नातेवाइकाने साध्या पद्धतीने फॉरवर्ड केलेल्या पत्रात मूळ हेडर उरत नाहीत आणि मधला मजकूर बदललेला असू शकतो, म्हणून मूळ पत्र जोडफाइल म्हणून पाठवायला सांगावे. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवला (२०१९-०३-१४) की पत्रे आपोआप कालक्रमाने लागतात. केवळ मेलबॉक्सवर विसंबू नये : दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून हटवू लागले आहे.

जोडून आलेल्या कागदाचा संदर्भ वेगळा द्यावा लागतो. जन्मनोंदवहीच्या पानाचे छायाचित्र आले, तर आधी नोंदवही, पान आणि नोंदक्रमांक लिहून मग ‘अमुक यांच्याकडून ईमेलने मिळालेली प्रत’ असे लिहावे. कडा कापल्या गेल्या असतील किंवा पानक्रमांक दिसत नसेल, तर तेही नमूद करावे आणि शक्य तेव्हा मूळ नोंदवही पाहावी.

सर्वांत जास्त चुका मूल्यमापनात होतात. एकाच पत्रातली विधाने सारख्या वजनाची नसतात. १९३५ साली जन्मलेल्या मुलीने वडिलांच्या अंत्यविधीबद्दल लिहिले आणि ती तेथे हजर होती, तर ती प्रत्यक्ष माहिती. त्यांच्या १९०८ मधल्या जन्माबद्दल तिने लिहिलेले मात्र ऐकीवच. म्हणून ‘ही तारीख तुम्हाला कोठून मिळाली?’ हा प्रश्न लगेच विचारावा आणि उत्तराचे पत्रही संदर्भात घ्यावे. दोन नातेवाइकांनी तीच तारीख एकाच ऑनलाइन वंशावळीतून उचलली असेल, तर तो एकच आधार धरायचा. अभिलेखागाराचे ‘नोंद सापडली नाही’ हे उत्तरही जपण्याजोगे असते, मात्र कोणत्या वर्षांच्या आणि कोणत्या नोंदवह्या तपासल्या, हे त्यात हवे. नसल्यास पुन्हा विचारावे.

पत्र आपल्याला आले तरी त्यातल्या मजकुराचा लेखनाधिकार (कॉपीराइट) सामान्यतः प्रेषकाकडेच राहतो. वस्तुस्थिती वापरता येते. उतारा छापायचा तर लेखी परवानगी घ्यावी. ती मागताना कोणता उतारा, कोठे आणि कोणाच्या नावाने छापणार, हे स्पष्ट लिहावे आणि होकाराचे पत्र मूळ पत्राशेजारी ठेवावे. हयात व्यक्तींचे आजार, दत्तकविधान, घटस्फोट असे तपशील वंशावळीची फाइल इतरांना देण्यापूर्वी तिच्या टिपांच्या रकान्यांतूनही काढावेत. अख्खे पत्र तेथे चिकटवलेले असेल, तर फाइलबरोबर तेही बाहेर जाते.