पोर्शे ९११ : जुनी आणि आजची

पोर्शे ९११ ही जर्मनीतील श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउजेन भागात तयार होणारी स्पोर्ट्‌स कार. १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटर प्रदर्शनात ती ९०१ या नावाने मांडली गेली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पेजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला आणि ती ९११ झाली. क्लासिक गाडी आणि आधुनिक स्पोर्ट्‌स कार शेजारी ठेवून पाहायच्या तर हिच्याइतके सोयीचे उदाहरण नाही, कारण नाव, घाट आणि इंजिनाची जागा या तिन्ही गोष्टी कायम आहेत.

ही जागाच अडचणीची. सहा आडव्या सिलिंडरांचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसते. वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर जातो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि जड शेपूट बाहेर फेकली जाते. सुरुवातीच्या काही गाड्यांत यावर उपाय म्हणून पुढच्या बंपरमध्ये चक्क ओतीव लोखंडाची वजने ठेवत. पुढे १९६९च्या मॉडेलपासून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकवली. तरीही बराचसा तोल चालकाच्या हातापायांवरच होता: ब्रेक वळणाआधी मारायचा, वळणात पाय उचलायचा नाही.

पहिल्या ९११मध्ये २ लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि गाडीचे वजन सुमारे १,०८० किलो. २०१८च्या अखेरीस आलेल्या ९९२ पिढीच्या कॅरेरात, म्हणजे ९११च्या साध्या प्रकारात, ३ लिटरचे, दोन टर्बोंचे (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे), ३८५ अश्वशक्तीचे इंजिन आले. वजन मात्र दीड टनापर्यंत गेले. जुनीला ताशी १०० किमी गाठायला ९ सेकंदांच्या आसपास लागत, हिला ४.२ पुरतात. वळणावरची चूक आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून सावरते. पुढच्या चाकांच्या कमानीत बसवलेले ध्वनिसंवेदक उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकतात आणि रस्ता ओला असल्याचे चालकाला सांगतात. जुन्या गाडीत हे काम कानांनी आणि स्टिअरिंगच्या थरथरीने होई.

जुने इंजिन मोठ्या पंख्याच्या हवेने आणि सुमारे ९ लिटर ऑइलने थंड राहत असे. ऑइल तपासायचे ते इंजिन तापलेले आणि चालू असताना, गाडी सपाट जागी उभी करून. बंद इंजिनावर पट्टी बुडवणारा फसलाच. आता पातळी पडद्यावर दिसते. धूर आणि आवाजाचे नियम कडक झाले, दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवायचे तर थंड ठेवायला हवा पुरेना, म्हणून १९९७पासून पाण्याने थंड होणारे इंजिन आले. जुन्या पद्धतीच्या गाड्या १९९८मध्ये थांबल्या. अनेक शौकिनांच्या लेखी क्लासिक आणि आधुनिक यांची सीमारेषा हीच.

इंजिन सुरू करायची जागा अजून स्टिअरिंगच्या डावीकडेच आहे, फक्त २०२४च्या सुधारित गाडीत तिथे बटण आले. त्याच वर्षी मधल्या आरपीएम मीटरचा (इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीचा) खरा काटा जाऊन पडद्यावरचे चित्र आले.