मॉस्को–त्वेर संघर्ष

चौदाव्या शतकात, मंगोल अधिसत्तेखालील ईशान्य रशियात, मॉस्को आणि त्वेर येथील राजघराण्यांमध्ये व्लादीमिरच्या थोरल्या गादीसाठी, म्हणजे सर्व राजांत वरिष्ठ अशा महाराजपदासाठी, झालेला दीर्घ संघर्ष. दोन्ही घराणी व्लादीमिरचा राजा यारोस्लाव व्सेवोलोदोविच याच्या वंशातली होती. त्वेरचे घराणे त्याच्या यारोस्लाव याच नावाच्या मुलापासून, तर मॉस्कोचे त्याचा नातू, म्हणजे अलेक्झांडर नेव्हस्कीचा धाकटा मुलगा दानिईल याच्यापासून सुरू झाले. मुळात ही भाऊबंदकीच होती. परंतु तिचे निवाडे रणांगणापेक्षा खालच्या व्होल्गाकाठी असलेल्या गोल्डन होर्ड या मंगोल राज्याच्या खानाच्या दरबारात अधिक झाले.

बातू खानाने १२३७ ते १२४० या काळात रशियन नगरे उद्ध्वस्त केली, पण तेथील राजघराणी मोडली नाहीत. प्रत्येक राजाने खानापुढे हजर होऊन ‘यार्लिक’ ही सनद घ्यावी आणि खंडणी भरावी, अशी व्यवस्था बसली. गादी भावाकडून भावाकडे जाण्याचा जुना रिवाज होता आणि ज्याचा बाप थोरल्या गादीवर बसला नाही, त्याचा हक्क संपत असे. या रिवाजातून तंटे पूर्वीपासूनच उद्भवत. आता त्यांना सराय, म्हणजे गोल्डन होर्डची राजधानी, हे दाद मागण्याचे ठिकाण मिळाले. नेव्हस्कीचा मुलगा आंद्रेई याने थोरला भाऊ दिमित्री याच्याविरुद्ध वारंवार तातार, म्हणजे होर्डच्या, फौजा आणल्या, आणि १२९३ मध्ये अशाच एका फौजेने व्लादीमिर व मॉस्कोसह अनेक नगरे लुटली. सगळा दोष खानांच्या भेदनीतीवर टाकणे म्हणूनच अपुरे ठरते: फौज मागायला जाणारे राजे रशियनच होते.

आंद्रेई १३०४ मध्ये वारला, तेव्हा वडीलकीने गादी त्वेरच्या मिखाईल यारोस्लाविचकडे जात होती आणि तोख्ता खानाने ती त्यालाच दिली. मॉस्कोचा यूरी दानिलोविच हा नात्याने त्याचा चुलत पुतण्या. त्याचे वडील थोरल्या गादीवर कधीच बसले नव्हते, त्यामुळे रिवाजाप्रमाणे त्याचा दावा टिकणारा नव्हता. यूरीने तरीही माघार घेतली नाही. तोख्तानंतर आलेल्या उझबेक खानाच्या दरबारात राहून त्याने खानाची बहीण कोंचाका हिच्याशी विवाह केला आणि १३१७ मध्ये सनद घेऊन, कावगादी या तातार सरदारासह तो परतला. त्याच वर्षी बोर्तेनेव्हो येथे मिखाईलने त्याचा पराभव केला. कोंचाका त्वेरकरांच्या हाती लागली आणि कैदेतच वारली. रणात मिळालेला हा विजयच मिखाईलच्या मुळावर आला. खंडणी दडवणे, खानाच्या वकिलावर शस्त्र उचलणे आणि कोंचाकाला मारणे, असे आरोप ठेवून त्याला दरबारात उभे करण्यात आले; मानेत जड लाकडी खोडा अडकवून छावणीबरोबर फिरवण्यात आले आणि १३१८ मध्ये ठार करण्यात आले. रशियन चर्चने पुढे त्याला संतपद दिले.

सूड तेथेच थांबला नाही. यूरीने खंडणी अडकवून ठेवल्याने १३२२ मध्ये सनद मिखाईलचा मुलगा दिमित्री याला मिळाली. १३२५ मध्ये त्याने दरबाराच्या मुक्कामी यूरीचा खून केला आणि पुढच्या वर्षी खानाने त्याला देहदंड दिला. तरीही सनद त्याचा भाऊ अलेक्झांडर यालाच मिळाली. उझबेकला त्वेरचे घराणे संपवायचे नव्हते, कोणीही फार बलवान होऊ द्यायचे नव्हते, असे यावरून दिसते.

निर्णायक वळण १३२७ च्या १५ ऑगस्टला आले. खानाचा नातलग चोलखान त्वेरमध्ये राजवाडा बळकावून बसला होता आणि शहर धुमसत होते. त्वेरच्या बखरीनुसार दुद्को नावाचा एक धर्मसेवक आपली तरणी, धष्टपुष्ट घोडी व्होल्गावर पाण्याला नेत असताना तातारांनी ती हिसकावली. त्याने आरडाओरडा केला, लोक धावले, घंटा वाजली आणि सारे शहर उठले. चोलखान वाड्यासकट जाळला गेला. यूरीचा भाऊ इव्हान कलिता तातार फौज घेऊन त्वेरवर चालून गेला आणि तो प्रदेश बेचिराख झाला. अलेक्झांडर प्स्कोव्हला पळाला. पुढे त्याला माफी मिळाली, पण १३३९ मध्ये खानाने त्याला मुलासह मारले. इव्हानने त्वेरच्या मुख्य चर्चची घंटा मॉस्कोला नेली.

यानंतर मॉस्कोचे पारडे जड झाले. इव्हान खंडणी वेळेवर पोहोचवी, आणि साऱ्या प्रदेशाची खंडणी त्याच्या हातून जाऊ लागल्याने इतर राजे त्याच्या दबावाखाली आले. महाधर्माध्यक्ष प्योत्र यांच्या नेमणुकीला त्वेरचा विरोध होता. त्यांनी मॉस्कोला जवळ केले, १३२६ मध्ये ते तेथेच वारले आणि त्यांच्या समाधीमुळे मॉस्को धर्मपीठही बनले. माझ्या मते हा लाभ सनदेइतकाच मोलाचा होता, कारण सनद फिरवता येई, समाधी हलवता येत नसे.

त्वेरने मग लिथुएनियाचा आधार घेतला. मारल्या गेलेल्या अलेक्झांडरचा मुलगा मिखाईल याचा मेहुणा, लिथुएनियाचा राजा ओल्गेर्द याने १३६८ ते १३७२ दरम्यान मॉस्कोवर तीन स्वाऱ्या केल्या. मिखाईलला सनदही मिळाली, पण मॉस्कोचा राजा, इव्हान कलिताचा नातू दिमित्री दोन्स्कोई याने ती मानली नाही आणि १३७५ मध्ये त्वेरला वेढा घालून मिखाईलला ‘धाकटा भाऊ’ हे दुय्यम स्थान कबूल करायला लावले. खानाच्या कागदाला न जुमानता वाद मिटवण्याचा हा नवा प्रकार होता. १३८९ च्या मृत्युपत्रात दिमित्रीने थोरली गादी वडिलोपार्जित मिळकत म्हणून मुलाला दिली. १४८५ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने त्वेरला वेढा घातला, तेव्हा तेथील अखेरचा राजा लिथुएनियाला पळाला आणि ते राज्य मॉस्कोत विलीन झाले.