तिसऱ्यातून निसटणारा गिअर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात माझ्या मामांची १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. लालबाग पुलाचा चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये व्यवस्थित चढे, पण उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की खट्कन न्यूट्रलमध्ये येई. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा तापवून जरा वाकवून दिला. दांडा हाताला सोयीचा झाला, गिअर मात्र सुटतच राहिला. मग मामा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? आता तूच बघ."

या गाडीत हात आणि गिअरबॉक्स यांच्यात बरंच अंतर आहे. दांडा वर-खाली केला की स्टिअरिंगच्या नळीला समांतर असलेला एक शाफ्ट स्वतःभोवती फिरतो आणि गिअर पडतो. दांडा स्वतःकडे ओढला किंवा पुढे ढकलला की पहिला-दुसरा, तिसरा-चौथा की रिव्हर्स, यांपैकी जोडी निवडली जाते. ही दोन्ही कामं पुढे रॉड आणि छोट्या आर्म (रॉडला जोडलेल्या आखूड तरफा) गिअरबॉक्सपर्यंत नेतात. प्रत्येक सांध्यात एक बुश, म्हणजे पिनभोवती बसणारी छोटी नळी, असतो, आणि पन्नास वर्षांत झिजतात ते हे बुश.

समजा, दांडा ३० सेंटिमीटर लांब आहे आणि खालची आर्म ५ सेंटिमीटर. म्हणजे तरफेचं प्रमाण सहास एक. हाताने २ किलोचा जोर लावला तर खाली सुमारे १२ किलोचा मिळतो, पण मूठ ६ मिलिमीटर हलते तेव्हा रॉड जेमतेम १ मिलिमीटर सरकतो. आता सांध्यांतला ढिलेपणा मोजा. चार सांधे, प्रत्येकात अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे रॉडपाशी २ मिलिमीटर. मुठीपाशी तेच १२ मिलिमीटर होतात. हाताला दांडा खुळखुळा लागतो, हे त्रासाचं आहेच. खरं नुकसान खाली होतं, कारण मूठ शेवटपर्यंत गेली तरी गिअरबॉक्समधला रॉड तेवढा मागे राहतो.

तो मागे राहिला की काय होतं? आतल्या सरकत्या रॉडवर खाचा असतात आणि स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी त्या खाचेत बसते. बोटांना जाणवणारी 'टक' ती हीच. प्रवास अपुरा पडला की गोळी खाचेच्या कडेवरच राहते आणि गिअरचे दात टोकाटोकालाच गुंततात. चढावर इंजिन चाकांना ओढतं. उतारावर चाकं इंजिनाला ओढू लागतात. दातांवरचा दाब असा उलटला की अर्धवट गुंतलेले दात निसटायला तेवढं निमित्त पुरतं. शिवाय गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर असतो आणि स्टिअरिंगची नळी बॉडीला घट्ट बांधलेली असते. माउंटिंग दबलं असेल तर या दोहोंमधलं अंतरच बदलतं. जुनी गाडी तपासताना माझी नजर आधी तिथे जाते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बुश बदलायचे, मग ॲडजस्टमेंट. झिजलेल्या सांध्यांवर रॉडची लांबी कितीही जुळवली तरी ती टिकत नाही. रबरी बुशला इंजिन ऑइल लावू नये, नैसर्गिक रबर तेलाने फुगतं.

गाडी सपाट जागी, चाकांना अडण, इंजिन बंद. गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये, दांडाही त्याच्या मधल्या जागी. रॉडच्या टोकाची पिन काढून चेकनट (लांबी जागेवर पक्की धरणारा नट) सैल केला आणि टोक फिरवत पिन बोटाच्या दाबाने भोकात जाईपर्यंत लांबी जुळवली. पिन ठोकावी लागली तर माप चुकलंय, हे नक्की समजावं. आटा १ मिलिमीटर पिचचा असेल, म्हणजे एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकत असेल, तर एका फेऱ्याने मूठ ६ मिलिमीटर सरकते; अर्धा-अर्धा फेरा पुरे. जोडी निवडणारा रॉडही असाच जुळवायचा. त्याचं माप चुकलं तर गिअरबॉक्समधले सरकते रॉड ढकलणारं बोट त्यांतल्या दोन रॉडांच्या मधोमध उतरतं आणि गिअर अडकून बसतो.

एक भेद ओळखायला हवा. इंजिन बंद असताना सगळे गिअर मऊ पडतात आणि चालू केल्यावर कर्र आवाज येतो, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (दात गुंतण्याआधी वेग जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना होणारा आवाजही रॉडच्या माथी मारू नये.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. माणसं रंग आणि क्रोम बघत होती. मला प्रत्येक गाडीच्या खाली वाकून बघायचं होतं.

मामांच्या गाडीत चार बुश आणि रॉडचा दीड फेरा लागला. संध्याकाळी लालबाग पूल उतरताना त्यांनी ॲक्सिलरेटर सोडला, सवयीने डावा हात दांड्यावर दाबून धरला, आणि पूल संपता संपता तो हळूच काढून घेतला.