शेजारची खोली (क्वार्तो दे अल लादो)

बलाढ्य भागीदार देशाशी व्यापार करार ठरत असताना आपल्या उद्योगांचे जाणकार प्रतिनिधी वाटाघाटींच्या दालनालगत हजर ठेवण्याची मेक्सिकोतील पद्धत. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या (नाफ्टा) वेळी ती रूढ झाली. बैठकीआधी करून घेतलेल्या क्षेत्रवार अभ्यासालाही व्यापक अर्थाने हेच नाव लावले जाते.

या पद्धतीच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकेच्या १९७४च्या व्यापार कायद्याने खासगी क्षेत्राच्या सल्लागार समित्या नेमल्या आणि गॅट या बहुराष्ट्रीय व्यापार कराराच्या वाटाघाटींच्या टोकियो फेरीत त्यांचा उपयोग झाला. मेक्सिकोने तोच नमुना उचलला, असे काही जण मानतात. अमेरिकेशी बोलणी करताना कॅनडाने १९८६च्या सुमारास क्षेत्रवार सल्लागार गट नेमले होते, त्यांच्याकडेही बोट दाखवले जाते. तिसऱ्या मतानुसार या पद्धतीचे मूळ मेक्सिकोतच आहे. डिसेंबर १९८७च्या ‘आर्थिक एकजूट करारा’त सरकार, कामगार संघटना, शेतकरी संघटना आणि उद्योजक यांनी भाव आणि वेतन यांवर एकत्र बसून तडजोड केली होती, त्या बैठकांतूनच मंत्रालय आणि बड्या उद्योगसमूहांचा परस्परांवर विश्वास बसला. समित्यांचा आराखडा बाहेरून आला असला, तरी उद्योजकांनी सरकारपुढे आपले हिशेब उघडे करण्याइतका विश्वास बाहेरून आणता येत नाही. त्यामुळे हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. गॅटमध्ये जावे की नाही यावरून १९७९-८०मध्ये याच उद्योजकांत फूट पडली होती आणि सरकारला प्रवेश लांबणीवर टाकावा लागला, म्हणजे हा विश्वास आधीपासून नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. मेक्सिको अखेर १९८६मध्ये गॅटचा सदस्य झाला.

राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांच्या सरकारच्या पुढाकाराने १९९०मध्ये परदेशी व्यापारविषयक उद्योगसंघटनांचे समन्वय मंडळ (कोएसे) उभे राहिले. हुआन गालार्दो त्याचे प्रमुख होते; सरकारतर्फे मुख्य वाटाघाटीकार एर्मिनिओ ब्लांको होते. प्रत्येक क्षेत्राने आपला माल कोणत्या जकात शीर्षाखाली येतो, त्यात आयात कच्चा माल किती आणि जकात उतरली तर किती वर्षे तग धरता येईल, याचे टिपण तयार करायचे होते. आयात परवान्यांच्या आडोशाने वाढलेल्या अनेक कारखान्यांना हा हिशेब नवा होता.

टिपणांचा खरा कस उत्पत्तिनियमांत, म्हणजे कोणता माल करारातील देशांचा मानायचा हे ठरवणाऱ्या नियमांत, लागला. शर्टाला करारातील सवलत मिळायची, तर साधारणपणे नुसती शिलाई नव्हे, तर सूतही तिन्ही देशांपैकी कोठेतरी कातलेले असावे लागे. मोटारींसाठी प्रादेशिक मूल्याचा, म्हणजे या तीन देशांत निर्माण झालेल्या मूल्याचा, किमान वाटा अखेर ६२.५ टक्के ठरला. असा आकडा समोर आला, की वाटाघाटीकार मधल्या सुट्टीत शेजारी जाऊन विचारी : हे सूत आपल्याकडे पुरेसे निघते का? उत्तर जागच्या जागी मिळे. मनुष्यबळ आणि माहिती यांत कितीतरी वरचढ असलेल्या प्रतिपक्षापुढे हा आधार मोलाचा होता. जून १९९१मध्ये टोरांटोत सुरू झालेली बोलणी १२ ऑगस्ट १९९२ रोजी वॉशिंग्टनमध्ये आटोपली. करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला.

मात्र या खोलीत निर्यातदार बड्या कंपन्यांचाच आवाज चढा राहिला. लघुउद्योगांच्या संघटनांना प्रवेश होता, पण टिपणे करण्यासाठी लागणारे अर्थतज्ज्ञ आणि सवड त्यांच्याकडे बेताचीच होती. शेतीच्या बाजूने मोठे बागायतदार बोलले; एखीदो (गावाच्या सामूहिक) जमिनींवर मका पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची बाजू तेथे मांडली गेल्याचे फारसे दिसत नाही. मक्याचे संरक्षण १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरवायचे ठरले होते. प्रत्यक्षात ठरलेल्या कोट्याहून अधिक मका फार आधीच बिनजकात आला. ही या पद्धतीची सर्वांत गंभीर उणीव होय.

ऑगस्ट २०१७मध्ये नाफ्टाच्या फेरवाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा उद्योग समन्वय परिषद या मेक्सिकोतील उद्योजकांच्या शिखर संस्थेने उद्योजक मोइसेस कालाच यांच्याकडे हे काम सोपवून खोली पुन्हा उघडली. १ जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या नव्या करारात मोटारींचा प्रादेशिक वाटा ७५ टक्क्यांवर गेला आणि ताशी किमान १६ डॉलर वेतनाची अट मूल्याच्या ठरावीक भागाला लागू झाली. कराराचा संयुक्त आढावा सहाव्या वर्षी, म्हणजे १ जुलै २०२६ रोजी घेण्याची तरतूद आहे.