पार्श्वभूमी : आरोग्याच्या आकड्यांतले ‘कोल्हापूर’

पावसाळ्यात कोल्हापुरात डेंग्यूचे रुग्ण किती, असा साधा प्रश्न घेऊन शोधायला बसले तर एकाच आठवड्याचे दोन-तीन निरनिराळे आकडे समोर येतात. एक महापालिकेच्या हद्दीपुरता असतो, एक ग्रामीण भागाचा, तर एखाद्यात संशयितही धरलेले असतात. यातला कुठलाही आकडा खोटा असेलच असे नाही. खासगी दवाखान्यात रॅपिड कार्डावर, म्हणजे झटपट चाचणीत, पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी हिशेबात संशयितच राहतो. प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी झाली, तिचा अहवाल आला, की मगच तो डेंग्यूचा रुग्ण म्हणून मोजला जातो. गल्लीत घरटी ताप आणि अधिकृत आकडा मात्र दोन अंकी, हे पाहून लोक संतापतात. तो संताप रास्त आहे. पण आकडा दडवला असे म्हणण्याआधी तो कोणी, कुठल्या हद्दीत आणि कशाच्या आधारे मोजला हे पाहावे लागते. आकड्यांची ही विभागणी इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे.

कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीचा प्लेग, देवीची लस टोचण्याच्या मोहिमा, जन्म-मृत्यू यांचा शोध घ्यायचा तर संस्थानाचे स्वतःचे अहवाल पाहावे लागतात. १८८६ चे कोल्हापूरचे गॅझेटिअर आज घरबसल्या वाचता येते, मात्र त्यातले ‘कोल्हापूर’ म्हणजे आजचा बारा तालुक्यांचा जिल्हा नव्हे. त्याहून मागे जाण्याचे इथे कारण नाही.

आजही ज्याचा परिणाम दिसतो तो नियम १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातला आहे. एकवीस दिवसांत नोंद करायची हे सर्वांना माहीत असते. घटना जिथे घडली तिथेच नोंद होते, याकडे मात्र लक्ष जात नाही. सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणि शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत सिंधुदुर्गापासून निपाणी-चिकोडीपर्यंतची माणसे उपचारांना येतात. गगनबावड्याची बाई शहरात बाळंत झाली तर ते बाळ शहराच्या रजिस्टरात जाते. कणकवलीचा रुग्ण इथे दगावला तर तो मृत्यूही इथेच नोंदला जातो. म्हणून शहराच्या जन्म-मृत्यूच्या आकड्याला शहराच्या लोकसंख्येने भागून दर काढला की तो फुगतो, आणि लहान तालुक्यांचा दर विनाकारण खाली येतो. जनगणनेत माणूस राहत्या जागी मोजला जातो. एकीकडे घटनेची जागा, दुसरीकडे राहण्याची जागा, आणि दोन्हींवर नाव ‘कोल्हापूर’च.

हे आकडे वेबवर येऊ लागले २००० नंतर. साथरोगांवर नजर ठेवणारा केंद्राचा प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला, आरोग्य केंद्रांकडून मासिक अहवाल घेणारे पोर्टल २००८ मध्ये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत पहिल्यांदा जिल्हानिहाय पत्रके दिली. त्याआधीच्या फेऱ्यांत कोल्हापूर वेगळे दिसतच नव्हते. पाचव्या फेरीवर २०१९-२१ असे छापलेले असते, त्यामुळे त्यात कोरोनाकाळ आला असेल असे वाटते. महाराष्ट्रातले तिचे काम मात्र २०१९ च्या जून ते डिसेंबरमध्येच आटोपले होते.

कोल्हापूरची स्वतःची म्हणावी अशी घटना याच काळातली आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. सधन जिल्हा, सहकाराचे जाळे, शाहूंचा वारसा, आणि त्यात हा आकडा. तो जिव्हारी लागला आणि लागायलाच हवा होता. पुढे गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांवर तपासणीची चित्रे साठवून ठेवणारे उपकरण बसवण्याचा आग्रह धरला. त्यालाच ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ म्हणत. २०११ च्या आरंभी काढलेल्या परिपत्रकाने एफ फॉर्म, म्हणजे गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद, चोवीस तासांत ऑनलाइन भरणेही बंधनकारक केले. त्याविरुद्ध सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली. जिल्हाधिकाऱ्यांना हा अधिकार नाही आणि गरोदर स्त्रीच्या खासगीपणावर हा घाला आहे, असे तिचे म्हणणे होते. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने परिपत्रक उचलून धरले. चित्रे यंत्रातच राहतात, ती कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, त्यामुळे खासगीपणा भंगत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

प्रशासनाच्या हाती एका दिवसात माहिती पोचवणारी अशी व्यवस्था त्या वेळी देशात दुर्मीळ होती. नागरिकाला मात्र तिच्यातून काहीच दिसत नव्हते. व्यक्तिगत फॉर्म गुप्त राहणे योग्यच आहे. पण त्यातून तयार होणारी तालुकावार बेरीज नियमाने प्रसिद्ध करायला काय हरकत होती? तशी सोय नसल्याने लोकांपर्यंत पोचला तो जनगणनेचाच आकडा. २०११ मध्ये ८३९ चे ८६३ झाले, आणि ही वाढ यंत्रांवरच्या उपकरणामुळेच झाली असे लेखांतून ठासून सांगितले जाऊ लागले. २०११ मध्ये शून्य ते सहा वयाची मुले म्हणजे २००४ ते २०११ या काळात जन्मलेली. उपकरण आले त्याच्या शेवटी शेवटी. वाढीचा बराचसा हिस्सा त्याआधीच्या वर्षांचा असू शकतो, आणि हा निर्देशक ते वेगळे करून सांगू शकत नाही. त्यासाठी जन्मावेळचे गुणोत्तर दरवर्षी पाहावे लागते, आणि तिथे पुन्हा घटनेच्या जागेचा प्रश्न उभा राहतो. शिवाय जनगणनेचे आकडे दोनदा आले. राज्याचे प्राथमिक बालगुणोत्तर ८८३ होते, अंतिम ८९४ झाले. जुन्या पानांवर प्राथमिक आकडा अजून तसाच आहे आणि दोन्ही आकडे आजही सारख्याच अधिकाराने उद्धृत होतात.

पुढे इचलकरंजीची २०१२ ची काविळीची साथ आली. त्या साथीतले आकडे लोकांनी दवाखान्यांच्या दारात आणि वर्तमानपत्रांत मोजले. केंद्राच्या साप्ताहिक उद्रेक-पत्रकात साथ सुरू झाल्याची तारीख आणि ती कळवल्याची तारीख असे दोन स्वतंत्र रकाने असतात. कुठलीही साथ तपासताना आधी या दोन तारखांमधले अंतर बघावे, कारण रुग्णसंख्येपेक्षा ते जास्त बोलके असते.

मग २०२० आले, आणि आकडे वाचणे हा घराघरातला रोजचा उद्योग झाला. राज्याच्या संध्याकाळच्या कोरोना-पत्रकात कोल्हापूर मंडळ असा एक गट असे. त्यात कोल्हापूर, कोल्हापूर मनपा, सांगली, सांगली-मिरज-कुपवाड मनपा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी अशा ओळी येत. म्हणजे एकाच पानावर कोल्हापूरचे तीन अर्थ होते : चार जिल्ह्यांचे मंडळ, मनपा वगळून उरलेला जिल्हा आणि मनपा. नुसते ‘कोल्हापूर’ लिहिलेली ओळ संपूर्ण जिल्ह्याची समजून ती पुढे पाठवली गेली. शहराचे रुग्ण त्यात नव्हते, त्यामुळे जिल्ह्याचा आकडा कमी दिसला. मंडळाची बेरीज जिल्ह्याची म्हणून फिरली तेव्हा तो भलताच मोठा दिसला. जिल्ह्याच्या स्वतःच्या पत्रकात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण वेगळे दाखवले जात. राज्याची आणि जिल्ह्याची बेरीज जुळत नव्हती त्यामागे तेही एक कारण होते.

या गुंत्याची खरी किंमत २०२१ च्या जूनमध्ये मोजावी लागली. राज्याने निर्बंध उठवण्यासाठी पाच स्तर ठरवले. पॉझिटिव्हिटी (तपासलेल्यांत बाधित किती टक्के) पाचच्या आत आणि ऑक्सिजन खाटा पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील तर पहिला, सर्वांत सैल स्तर. पॉझिटिव्हिटी दहा ते वीस टक्के किंवा खाटा साठ टक्क्यांहून अधिक भरलेल्या असतील तर चौथा. दर गुरुवारी आकडे जाहीर व्हायचे आणि सोमवारपासून ते लागू व्हायचे. कोल्हापूर चौथ्यात गेले. राज्याच्या बऱ्याच भागांत दुकाने उघडत असताना इथली महाद्वार रोडची, राजारामपुरीची बाजारपेठ बंद राहिली.

वाद पेटला तो मोजणीच्या हद्दीवरून. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या महापालिकांनाच त्या आदेशाने स्वतंत्र घटक मानले होते. कोल्हापूर शहराची तेव्हाची वस्ती साडेपाच लाखांच्या आत. म्हणून शहर आणि जिल्हा एकच. व्यापाऱ्यांचे म्हणणे होते की शहरातला संसर्ग उतरतो आहे, ग्रामीण भागाच्या आकड्यामुळे आमचे शटर का खाली? प्रशासनाची बाजूही पोकळ नव्हती. करवीर, हातकणंगले, कागलची माणसे रोज शहरात येतात-जातात, विषाणू काही जकात नाक्यावर थांबत नाही, आणि ऑक्सिजनच्या खाटा तर बहुतांश शहरातच होत्या. साथ समजून घ्यायची तर जिल्हा हा घटक चुकीचा नव्हता.

माझा आक्षेप दुसऱ्या जागी आहे. संध्याकाळच्या पत्रकात बाधित आणि मृत्यू मनपानुसार वेगळे मिळत. तपासलेल्या नमुन्यांचा आकडा मात्र त्या पत्रकात राज्याचा एकूणच दिलेला असे. अंश उघड आणि छेद बंद. शहराची पॉझिटिव्हिटी किती, हे ज्या नागरिकाची रोजीरोटी त्यावर टांगलेली होती त्याला त्या पत्रकावरून काढता येत नव्हते. शहराचा दर खरोखर कमी असेल तर व्यापाऱ्यांना तो दाखवता यावा आणि नसेल तर त्यांना तो पटावा, यासाठी आठवड्याचा एक तक्ता पुरला असता : तालुका, शहर, चाचण्या, बाधित. त्याऐवजी कोणाकडे कोणता आकडा आहे याच्यावरच आठवडे गेले.

त्यात जूनच्या अखेरीस मोजण्याची रीतच बदलली. नव्या आदेशानुसार पॉझिटिव्हिटी फक्त आरटीपीसीआर चाचण्यांवरून काढायची, अँटिजेन चाचण्या धरायच्या नाहीत, आणि कुठल्याही जिल्ह्याला तिसऱ्या स्तरापेक्षा सैल निर्बंध मिळणार नाहीत. डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने घेतलेला हा निर्णय होता. तो वैद्यकीयदृष्ट्या समजण्यासारखा असला तरी आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांचे टक्के एका आलेखावर मांडायला त्याने जागा ठेवली नाही. तसे आलेख सर्रास मांडले गेले. त्याच महिन्यात जुन्या मृत्यूंचा ताळमेळ घालून ते एकूण संख्येत मिळवले जात होते, त्यामुळे एखाद्या दिवशीच्या उसळीत कित्येक आठवड्यांपूर्वी गेलेली माणसे असत. ज्यांच्या घरचे ते मृत्यू होते त्यांना उशिरा का होईना मोजले जाणे आवश्यकच होते. त्या दिवशीची साथ मात्र त्यावरून वाचता येत नव्हती. जुलैत महापूर आला. २ ऑगस्टला राज्याने बऱ्याच जिल्ह्यांना सवलत दिली, तेव्हा तिसऱ्याच स्तरावर ठेवलेल्या अकरा जिल्ह्यांत कोल्हापूर होते.

देशभरचे जिल्हावार आकडे जमवणारे स्वयंसेवकांचे संकेतस्थळ ऑक्टोबर २०२१ अखेर बंद झाले. त्यानंतर जुनी मालिका एका जागी शोधणाऱ्याची पंचाईत होते, कारण रोजची सरकारी पत्रके ही सुटी पीडीएफ आहेत आणि त्यांतली मराठी बऱ्याचदा शोधखिडकीला सापडत नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून व्हायची आहे. तोवर ‘लाखामागे इतके’ असा जिल्ह्याचा कुठलाही ताजा दर २०११ च्या ३८ लाख ७६ हजारांवर किंवा त्यावरून बांधलेल्या अंदाजावर उभा असतो, आणि यांपैकी काय वापरले हे तक्त्याखाली लिहिलेले असतेच असे नाही. दरम्यान २०२२ मध्ये इचलकरंजीची महापालिका झाली. त्यामुळे जिल्ह्याचा पूर्ण आकडा हवा असेल तर आता कोल्हापूर मनपा, इचलकरंजी मनपा आणि उरलेला जिल्हा अशी तिन्हींची बेरीज करावी लागते, आणि ‘उरलेल्या जिल्ह्या’ची जुन्या वर्षांशी तुलना करताना इचलकरंजी पुन्हा त्यात मिळवून घ्यावी लागते.