कांड्या पूर्ण, नेट गायब

लॅपटॉपचं वायफाय अधूनमधून तुटायला लागलं की पहिला हात जातो राउटरच्या बटणाकडे. बंद करून चालू केल्यावर कधीकधी काम भागतंही, पण दोष कुठे होता ते कळत नाही. त्यापेक्षा लॅपटॉपशेजारी फोन ठेवा आणि तोही त्याच वायफायला जोडा. फोनवरही नेट नसेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. राउटर किंवा बाहेरून येणारी लाइन बघायची. फोन मजेत आणि लॅपटॉपच लटकलेला, असं असेल तर मात्र शोध लॅपटॉपच्या आसपास घ्यायचा.

इथे वायफायच्या चिन्हातल्या सिग्नलच्या कांड्यांवर फार विश्वास ठेवू नये. राउटर साधारण 100 मिलिवॅट ताकदीने लहरी सोडतो असं धरू. लॅपटॉपला उणे 70 डीबीएम (हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) सिग्नल मिळत असेल, तर मूळ ताकदीचा अब्जावा भागच त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. तेवढ्यावरही वायफाय चालतं! म्हणजे सिग्नल क्षीण असणं हा एकटा मुद्दा नाही. भोवतीच्या इतर रेडिओ लहरींच्या गोंगाटापेक्षा तो किती वर आहे, हे महत्त्वाचं. कांड्या बहुधा फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, गोंगाट नाही. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की दोन्ही आकडे दिसतात. त्यांच्यात 25 डेसिबलचं अंतर असेल तर निर्धास्त राहा, 10च्या आसपास आलं की रडारड सुरू.

हा गोंगाट करणारा पुष्कळदा टेबलावरच बसलेला असतो. यूएसबी 3.0 सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने माहिती पळवतं आणि त्या धावपळीत रेडिओ लहरी सांडतात. वायफाय वापरतं त्या नेमक्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही त्या पसरतात. इंटेलने 2012 मध्ये याचे तपशील मांडले होते. बऱ्याच लॅपटॉपांत वायफायचा अँटेना स्क्रीनच्या कडेला असतो, आणि यूएसबीने जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क किंवा हब त्याच्यापासून वीतभर अंतरावर. त्याच वेळी वायरलेस माउसही अडखळत असेल तर संशय पक्का, कारण त्याचा रिसीव्हर बहुधा याच पट्ट्यात काम करतो. डिस्क काढून बघा, लांब केबल लावा किंवा वायफायच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2.45 गिगाहर्ट्झवरचाच, पण तो निदान काम झालं की गप्प बसतो.

5 गिगाहर्ट्झचीही एक खोड आहे. त्यातल्या 52 ते 144 क्रमांकांच्या चॅनेलांपैकी, म्हणजे पट्ट्याच्या छोट्या तुकड्यांपैकी, बरीच रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावं लागतं. नवं चॅनेलही तसंच असेल, तर आधी निदान 60 सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. नेट मिनिटभर जाऊन आपोआप परत येत असेल तर हे कारण तपासावं. फोन 2.4वर असेल तर त्याला याचा पत्ताही लागत नाही.

कधी जागाच वाईट निघते. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे लॅपटॉप हातभर नव्हे, चार बोटं सरकवूनही फरक पडू शकतो.

झोपेतून उठल्यावर किंवा बॅटरीवर असतानाच वायफाय जात असेल, तर वीज वाचवण्याच्या सेटिंगवर संशय घ्यावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय कार्डाचा पॉवर मॅनेजमेंट टॅब उघडून कार्ड बंद करण्याची परवानगी काढता येते. काही लॅपटॉपांवर हा टॅब दिसतच नाही.

आणि स्क्रीन पुढेमागे करताना सिग्नल चढत-उतरत असेल, तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. स्क्रीनमधल्या अँटेनाची बारीक तार बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येते, ती तिथे चिमटून तुटू शकते. दुरुस्तीसाठी लॅपटॉप उघडल्यानंतरच हा त्रास सुरू झाला असेल, तर कार्डावरची अँटेनाची इवलीशी टोपणं नीट बसली आहेत का, एवढं आधी पाहायला सांगा.