पर्सनल गॅजेट

पर्सनल गॅजेट म्हणजे एकाच माणसाच्या हातात, खिशात किंवा अंगावर राहणारं, बॅटरीवर चालणारं आणि बहुतेक वेळा इंटरनेटला जोडलेलं छोटं उपकरण. टॅबलेट, ई-रीडर, वायरलेस इअरबड्स, स्मार्टवॉच, फिटनेस बँड, स्मार्ट रिंग हे सगळं यात येतं, आणि यातलं जे अंगावर घालायचं असतं त्याला वेअरेबल म्हणतात. मोबाईलही खरं तर यातलाच, पण त्याचा पसारा इतका मोठा आहे की त्याला स्वतंत्र नोंदच लागेल. टीव्ही घरातल्या सगळ्यांचा असतो, गॅजेट एकाचंच असतं, त्याच्यात त्या माणसाचे फोटो, पासवर्ड, झोप, नाडी सगळं साठत जातं, त्यामुळे ते विकत घेणं वेगळं आणि पुढची चार-पाच वर्षं ते वापरत राहणं वेगळं. घेताना आपण स्क्रीन, प्रोसेसर, मेगापिक्सेल बघतो आणि नंतर नडतात बॅटरी, अपडेट आणि कंपनीचा सर्व्हर, आणि हे तिन्ही घेताना हातात धरून तपासता येत नाही. म्हणून इथं त्यांच्यावरच जास्त लिहिलंय.

कुठून आलं हे सगळं

चालता-फिरता इलेक्ट्रॉनिक वस्तू सोबत बाळगायची सवय जगभर रुजवली ती सोनीच्या वॉकमननं, तो १ जुलै १९७९ ला जपानमध्ये विक्रीला आला. पण वेअरेबलची गोष्ट त्याच्याही आधीची आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं, नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आज प्रत्येक बँडमध्ये १०,००० चं जे टार्गेट दिसतं ते मुळात या नावातून आलंय, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नाही, त्यामुळे सात हजारावर दिवस संपला म्हणून मन खट्टू करून घ्यायचं काही कारण नाही. पुढे १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीनं छातीच्या पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके दाखवणारं वायरलेस मीटर आणलं, ते मुख्यतः खेळाडूंसाठी होतं.

टॅबलेटची कल्पनाही जुनीच. ॲलन के या अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी वहीएवढ्या आकाराचा, लहान मुलांना वापरता येईल असा कॉम्प्युटर १९७२ मध्ये कागदावर मांडला होता, त्याला त्यांनी डायनाबुक म्हटलं. ॲपलनं १९९३ मध्ये न्यूटन नावाचा, पेननं स्क्रीनवर लिहायचा हातातला छोटा कॉम्प्युटर आणला, त्याला सुरुवातीला लोकांचं हस्ताक्षरच नीट वाचता येईना, आणि १९९८ मध्ये तो बंद झाला. मग २००७ मध्ये ॲमेझॉनचा ई-रीडर किंडल, २०१० मध्ये आयपॅड, २०१५ मध्ये ॲपल वॉच, आणि तिथून पुढचं सगळ्यांना माहीतच आहे.

निवड

निवडीबद्दलचा मला सगळ्यात पटलेला धडा जेफ हॉकिन्स यांच्या ठोकळ्याचा आहे. १९९६ मध्ये आलेला पाम पायलट, म्हणजे खिशात मावणारी डिजिटल डायरी, बनवायच्या आधी त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडाचा एक ठोकळा कापला आणि तो घेऊन ते फिरू लागले, कुणी भेटायची वेळ विचारली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्याच्यावर लिहितोय असं करायचं. खिशात जड होतोय का, दिवसातून किती वेळा काढावासा वाटतो, कशासाठी काढावासा वाटतो, हे सगळं त्यांना एकही चिप न लावता कळलं. आपल्यालाही हे करता येतं. टॅबलेट घ्यायचाय तर त्याच वजनाचं पुस्तक आठवडाभर बॅगेत ठेवून बघा, घड्याळ घ्यायचंय तर जाडजूड साधं घड्याळ घालून दोन-तीन रात्री झोपून बघा, झोपताना ते काढून ठेवावंसं वाटलं तर झोप मोजणारं वॉच घेऊन तुम्हाला फारसा उपयोग नाही.

वजनाची गोष्ट किरकोळ वाटते पण नाही. पहिला आयपॅड साधारण ६८० ग्रॅमचा होता आणि पहिलं किंडल २९२ ग्रॅमचं, हा फरक टेबलावर कळत नाही, रात्री आडवं पडून वाचताना कळतो. टॅबलेटची खालची कड करंगळीवर टेकलेली असते, पंधरा-वीस मिनिटांनी करंगळी अवघडते, मग हात बदलायचा, मग पोटावर उशी ठेवायची, आणि शेवटी टॅबलेट बाजूला जातो आणि फोन हातात येतो. ज्याला मुख्यतः वाचायचंच आहे त्यानं ई-रीडरच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या ई-इंक पडद्यात बारीक बारीक कुप्या असतात, त्यांच्यात विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण, वीज दिली की एका रंगाचे वर येतात आणि मग वीज बंद केली तरी तिथंच थांबतात. म्हणजे पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून त्याचं चार्जिंग आठवडे-आठवडे टिकतं. चित्रं काढायची, व्हिडिओ बघायचे, मुलांचा अभ्यास, मीटिंग, याला मात्र टॅबलेटच हवा. आणि बऱ्याच टॅबलेटमध्ये मेमरी कार्डाची सोय नसते, सिस्टिम स्वतःच बरीच जागा खाते, तेव्हा सगळ्यात कमी स्टोरेजचं मॉडेल घेताना दोनदा विचार करावा, नंतर ती जागा वाढवता येत नाही.

आपला फोन कुठला आहे हे आधी बघावं. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही, आणि अँड्रॉइडकडची बरीच नवी घड्याळं आयफोनला चालत नाहीत. चार्जिंगच्या पिनचा घोळ कमी होतोय, युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन फोन, टॅबलेट, इअरबड्सना यूएसबी-सी सक्तीचं झालं. घड्याळं आणि रिंग मात्र अजून आपापल्या वेगळ्या चार्जरवरच आहेत, तो चार्जर हरवला की वस्तू पडून राहते.

मनगटावरचे आकडे

घड्याळ काढून पालथं केलं की मधोमध हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो, अंधारात तर चादरीवरही त्याचा उजेड पडतो. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं, हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, दोन ठोक्यांच्या मध्ये उलट होतं, आणि ही चढउतार सेन्सर मोजतो. त्यामुळे पट्टा ढिला असेल, थंडीनं हात गार पडला असेल, सेन्सरच्या खाली गडद टॅटू असेल किंवा हात जोरात हलत असेल तर आकडा चुकतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ उठणार नाही असा बांधायचा, एवढ्यानंही बराच फरक पडतो.

ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वापरतात, ती पद्धत जपानमध्ये १९७४ मध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडली. त्वचेच्या रंगाचा या मोजणीवर परिणाम होतो, २०२० मध्ये अमेरिकेत पेशंटवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हॉस्पिटलमधल्या पल्स ऑक्सिमीटरकडून कृष्णवर्णीय पेशंटचा उतरलेला ऑक्सिजन निसटण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटच्या जवळपास तिप्पट निघालं. सावळ्या-काळ्या कातडीच्या सगळ्यांनीच हे लक्षात ठेवावं, मीही ठेवतो.

पावलं मोजतो तो हालचालीचा सेन्सर, त्याला पाय दिसत नाहीत, हाताचा झोका कळतो. म्हणून बाबागाडी किंवा ट्रॉली ढकलत तासभर चाललात तरी हात स्थिर असल्यानं पावलं कमीच लागतात, आणि बसल्या जागी हातवारे करून बोललात तर दोन-चार फुकट मिळतात. झोपेचंही तसंच, खऱ्या तपासणीत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात, घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज करतं. किती वाजता झोपलो, कधी उठलो हे ते बऱ्यापैकी सांगतं, गाढ झोप किती मिनिटं झाली यावर मात्र फार विसंबू नये. स्कोअर चांगला यावा या काळजीनंच झोप उडणाऱ्या लोकांसाठी २०१७ मध्ये काही संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असा शब्दसुद्धा काढला.

याचा अर्थ ही घड्याळं निरुपयोगी आहेत असा अजिबात नाही. ॲपलच्या वॉचवर झालेल्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांहून जास्त लोक होते, त्यातल्या ०.५२ टक्क्यांना नाडी अनियमित असल्याची सूचना आली आणि त्यातल्या ज्यांनी नंतर ईसीजीचा पॅच लावून परत पाठवला त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांना खरोखर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा आजार, निघाला. म्हणजे सूचना आली तर डॉक्टरकडे जायलाच हवं, पण सूचना आली नाही म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चालायचं नाही. आणि रक्तातली साखर सुई न टोचता मोजतो म्हणणारं घड्याळ किंवा रिंग कुणी दाखवली तर सरळ नाही म्हणायचं, अशा एकाही वस्तूला मान्यता दिलेली नाही असं अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर बजावलंय. डायबेटिस असलेल्या माणसानं चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

बॅटरी

गॅजेटचं वय बॅटरी ठरवते. सगळीकडे लिथियम-आयनच असते, तिचं व्यापारी उत्पादन सोनीनं १९९१ मध्ये सुरू केलं आणि त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात, आज अर्धी वापरली उद्या अर्धी वापरली की एक सायकल. बरीच वर्षं ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरणं हा चालू हिशोब होता, आता ८०० ते १००० पर्यंत गेलाय. ५०० धरला तर तीन दिवसांतून एकदा चार्ज होणारा टॅबलेट तिथवर पोचायला चार वर्षं घेतो आणि रोज पूर्ण रिकामे होणारे इअरबड्स दीड वर्षातच पोचतात, त्यात इअरबड्सची बॅटरी चिमुकली आणि आत चिकटवलेली, म्हणून दोन-तीन वर्षांनी एक कान आधी बंद पडायला लागला की बहुतेक वेळा इलाज नसतो.

बॅटरीला सगळ्यात वाईट उष्णता, आणि त्या खालोखाल शंभर टक्क्यांवर कायम राहणं. हे मी स्वतः शिकलो ते एक जुना टॅबलेट फोटो फ्रेम म्हणून कपाटावर कायम चार्जरला लावून ठेवला तेव्हा. काही महिन्यांनी स्क्रीनच्या डाव्या कडेला बारीक उजेडाची रेघ दिसायला लागली, मला वाटलं स्क्रीन गेला, दाबून बघितला तर गादीसारखा मऊ लागला, आणि बाजूनं बघितलं तेव्हा काच आपल्या चौकटीतून चांगली नखभर वर आलेली. आतली बॅटरी फुगली होती. फुगलेली बॅटरी अशी दाबायची नसते, टोचायची नसते, परत चार्जिंगला तर लावायचीच नसते, आतल्या द्रवाचं विघटन होऊन गॅस झालेला असतो आणि ती पेट घेऊ शकते, मी दाबली ते चुकलंच. आता बऱ्याच टॅबलेटमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग असतं ते चालू ठेवावं, आणि महिनोन्महिने वापरायचं नसेल तर अर्धं चार्ज करून बंद करून गार जागी ठेवावं, रिकामं ठेवू नये.

युरोपियन युनियनच्या नियमानं १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथल्या बाजारातल्या उपकरणांच्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. पूर्वी मागचं झाकण सरकवून बॅटरी बदलायचो, ती सोय अशी कायद्यानं परत आणावी लागतेय.

अपडेट आणि सर्व्हर

पेबल हे घड्याळ २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून आलं आणि एक कोटी डॉलरच्या वर पैसे जमले, लोकांचा फार जीव होता त्याच्यावर. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी बंद झाली, जून २०१८ मध्ये सर्व्हर बंद झाले, आणि हवामान, आवाजानं लिहिणं, ॲप स्टोअर असं बरंच काही घड्याळ धडधाकट असताना थांबलं. रेबल नावानं एकत्र आलेल्या वापरणाऱ्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे करून ते पुन्हा चालू केलं, हे मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वात कौतुकाचं काम वाटतं. पण प्रत्येक वस्तूला असे लोक मिळत नाहीत. ह्युमेन कंपनीचा एआय पिन, म्हणजे कपड्यावर लावायचा आणि बोलून वापरायचा एआय मदतनीस, एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हातात आला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, वर्षही पुरं झालं नाही. तेव्हा घेण्याआधी एवढं विचारावं की इंटरनेट बंद केलं आणि कंपनीचं खातं नसलं तर यातलं काय काय चालेल.

टॅबलेटच्या बाबतीत सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हे बघावं आणि ते मॉडेल बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजावं, आपण घेतल्याच्या नाही, दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं तर त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असू शकतात. युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटना विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट मिळतील अशी सक्ती आहे, वेअरेबल त्या नियमात नाहीत.

पाणी, आणि माहिती

वस्तूवर आयपी ६८ असं लिहिलेलं असतं, ते धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन, त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा, पण ही चाचणी नव्या वस्तूवर, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. ५ एटीएम लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ५० मीटर खोल बुडी मारा असा नाही. साबण, वाफ, समुद्राचं पाणी यांनी आतली रबरं आणि गोंद सैल होतात, म्हणून गरम पाण्यानं अंघोळ करताना घड्याळ काढावं.

माहितीचं म्हणाल तर स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपचं उदाहरण पुरेसं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी सगळ्यांच्या पळण्या-चालण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, कुणाचंही नाव नव्हतं, तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की निर्मनुष्य भागात चमकणाऱ्या रेघा म्हणजे लष्करी तळांवर जॉगिंग करणारे सैनिक आहेत. आपल्या घराभोवतीचा भाग नकाशातून लपवायचं सेटिंग अशा ॲपमध्ये असतं, ते पहिल्याच दिवशी लावावं.

देऊन टाकताना

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन रीतसर रिसायकल झालेला २२.३ टक्के, म्हणून चालू असलेलं गॅजेट ड्रॉवरमध्ये टाकून देण्यापेक्षा कुणाला तरी द्यावं. देताना आधी सगळ्या खात्यांतून साइन आउट करायचं, मग फॅक्टरी रीसेट, हाच क्रम ठेवायचा, कारण आधी रीसेट केलं तर बऱ्याच टॅबलेट आणि वॉचना चोरीविरुद्धचं लॉक लागलेलंच राहतं आणि नव्या माणसाला चालू करताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला जातो. घड्याळ फोनमधून अनपेअर करायचं, इअरबड्स खात्यातून काढून टाकायचे, आणि चार्जर आठवणीनं सोबत द्यायचा.